गावच्या, सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुप अ‍ॅडमिनना खुलं पत्र

प्रति,
गावाचे, वाडीचे, सोसायटीचे, शाळेच्या पालकांचे आणि भावकीचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवणारे सर्व अ‍ॅडमिन

विषय: ग्रुपवर लिहिल्या जाणाऱ्या शब्दांची राखण

स. न. वि. वि.

गणपतीची वर्गणी, टँकरची वेळ, पाचवीच्या वर्गाची सहल, अशा साध्या कामासाठी कुणीतरी ग्रुप काढतं. बघता बघता दोनशे माणसं जोडली जातात. काम संपतं, ग्रुप राहतो. त्यात मग सुप्रभात येतं, टोमणे येतात, कुणाची थकबाकी येते, कुणाच्या मुलीचा फोटो येतो आणि एखाद्या रात्री 'मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे' असाही मेसेज येतो. हे पत्र आम्ही सदस्यांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहोत, कारण असा मेसेज आल्यावर लोक आधी अ‍ॅडमिन काय म्हणतो ते बघतात. अ‍ॅडमिन गप्प बसला की 'चालतंय' असा अर्थ घेतला जातो.

सगळ्यात जड गोष्ट आधी. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. मुलं पळवणारे आले, या संशयावरून जमावाने त्यांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि तिथेच ठेचून मारलं. त्याआधी काही आठवडे देशभर मोबाइलवर याच अफवा फिरत होत्या. त्यांच्यासोबत फिरणारी एक क्लिप मुळात कराचीतल्या एका बालसुरक्षा जनजागृतीच्या व्हिडिओतली होती. मूळ व्हिडिओत मोटारसायकलवरची माणसं मुलाला परत आणून सोडतात आणि 'मूल पळवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा' असा संदेश येतो. फिरणाऱ्या क्लिपमध्ये तो शेवट कापलेला होता. लोकांनी पाहिलं ते खरंच चित्रित झालेलं होतं, त्याचा अर्थ मात्र उलटा करून दिला होता. म्हणून 'व्हिडिओ आहे, म्हणजे खरंच असणार' हे वाक्य ग्रुपवर आलं की तिथेच थांबवावं लागतं.

राईनपाड्यावर देशभर चर्चा झाली, तरी अफवा विरली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. ही अफवा दर काही वर्षांनी नव्या गावाचं नाव घेऊन येते आणि तिचा रोख जवळपास नेहमी फिरस्त्यांवर असतो: भिक्षेकरी, बहुरूपी, साधू, परप्रांतीय मजूर, अनोळखी भाषा बोलणारी बाई. ज्यांना गावात ओळखीचं कुणी नाही, त्यांच्या बाजूने बोलणारंही कुणी नसतं. तुमच्या ग्रुपवरचं एक वाक्य त्यांच्यासाठी जिवावरचं ठरू शकतं.

असा मेसेज आला तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं ते क्रमाने सांगतो.

मेसेजच्या वर दुहेरी बाण आहे का ते बघा. तो असेल तर मेसेज किमान पाच हातांतून पुढे सरकत आलेला आहे, म्हणजे पाठवणाऱ्याने स्वतः काही पाहिलेलं नाही. राईनपाड्याच्या त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली आणि एप्रिल २०२० पासून दुहेरी बाणाचा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. तरी तो पसरतो, कारण कॉपी-पेस्ट केलं की बाण गायब होतो. त्यामुळे बाण नाही म्हणजे मेसेज खरा, असं समजू नका. मग मजकुरात तारीख, गावाचं पूर्ण नाव आणि पोलीस ठाण्याचं नाव आहे का ते पाहा. अफवेत 'काल', 'आपल्या बाजूच्या गावात' आणि 'पोलिसांनी सांगितलंय' एवढंच असतं. 'काल' हा शब्द तीन वर्षांनंतरही ताजाच वाटतो.

नंतर ठाण्याला फोन लावा. ठाण्याचा नंबर मोबाइलमध्ये आधीच साठवलेला हवा. रात्री अकराला शोधायला गेलात तर वीस मिनिटं जातात आणि तेवढ्यात मेसेज आणखी चार ग्रुपवर जातो. फोन लागला नाही तर ११२ आहेच. तोवर ग्रुपवर एवढंच लिहा: 'हा मेसेज तपासतोय. ठाण्याशी बोलून अर्ध्या तासात सांगतो. तोवर कुणी पुढे पाठवू नका.' यात कुणाचा अपमान नाही आणि 'अर्धा तास' म्हटल्यामुळे लोक थांबतात. नुसतं 'अफवा पसरवू नका' लिहिलं की पाठवणारा स्वतःचा बचाव करायला लागतो. 'काळजी घ्यायला सांगितलं तर काय चुकलं?' इथून भांडण सुरू होतं आणि मूळ मेसेज बाजूलाच राहतो.

खोटा निघाला तर आधी मोबाइलवर स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग अ‍ॅडमिन म्हणून तो सर्वांसाठी हटवा. ही सोय साधारण दोन दिवसच चालते. हटवल्यावर तुमचं नाव तिथे दिसतं, म्हणून लगेच कारण लिहा. खुलासा लिहिताना लोक एक चूक हमखास करतात: 'टोळी आल्याची अफवा खोटी आहे' अशी सुरुवात करतात. घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात 'टोळी आली' एवढंच राहतं. खरी गोष्ट आधी लिहा: 'आपल्या तालुक्यात मूल पळवल्याची एकही तक्रार नाही, ठाणे अंमलदारांशी आज रात्री ९.४० ला बोललो.' नंतर कोणत्या मेसेजबद्दल हे आहे ते एका ओळीत. आणि तो खोटा व्हिडिओ 'हे खोटं आहे' असं खाली लिहून पुन्हा टाकू नका. पुढे पाठवताना खालचा मजकूर काढता येतो आणि व्हिडिओ एकटाच पुढे जातो. दाखवणं भागच असेल तर त्यातलं एक चित्र घेऊन त्यावर आडवं, ठळक 'खोटे' लिहा. शेवटचं काम बहुतेक राहून जातं: ज्याने मेसेज आणला त्याला खासगीत विचारा की आणखी कुठे पाठवला होता, आणि खुलासा तिथेही त्याच्याच हाताने जाऊ द्या. परक्याच्या खुलाशापेक्षा त्याच माणसाच्या 'माझ्याकडून चुकून गेलं' या शब्दांवर लोक जास्त विश्वास ठेवतात.

हरवलेल्या मुलाचा खरा मेसेजही नीट हाताळावा लागतो. त्यात हरवल्याची तारीख, ठाण्याचं नाव आणि ठाण्याचाच नंबर हवा, घरच्यांचा खासगी नंबर नको. तारीख फोटोवरच लिहून घ्या. मूल सापडलं की त्याच दिवशी मेसेज हटवा आणि 'सापडलं' म्हणून कळवा, नाहीतर त्या मुलाचा फोटो ते कॉलेजात गेल्यावरही फिरत राहतो. अत्याचार झालेल्या किंवा एखाद्या गुन्ह्यात सापडलेल्या मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता यातलं काहीच टाकायचं नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे तो गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'अमक्या आळीतल्या अमक्याची धाकटी' असं लिहिलं तरी ओळख फुटलीच. न्याय मिळावा म्हणून लिहिणारेसुद्धा इथे चुकतात. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा नंबर आहे, तो द्या.

आता रोजच्या बोलण्याकडे येऊ. जिवावर बेतणारी अफवा क्वचित येते, माणूस दुखावणारं वाक्य रोज येतं. सोसायटीच्या ग्रुपवरचा हा नमुना बघा:

'३०२ वाले स्वतःला कोण समजतात? रॅम्प काय यांच्या बापाचा आहे? काही लोकांना कितीही सांगा, अक्कल येत नाही.'

या तीन वाक्यांत गाडी कुठेच नाही. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर देता येत नाही, त्यामुळे ३०२ वाल्यांकडे दोनच वाटा उरतात: उलट बोलणं नाहीतर ग्रुप सोडणं. तिसरं वाक्य सगळ्यात घातक आहे. 'काही लोकांना' म्हटलं की ज्यांचा संबंध नाही अशी चार घरंही ते स्वतःवर ओढून घेतात. तीच गोष्ट अशीही लिहिता येते:

'रॅम्पवर पांढरी गाडी उभी आहे, ३०२ ची असावी. बी विंगमधल्या आजींना साडेनऊला व्हीलचेअरवरून दवाखान्यात न्यायचं आहे. नऊपर्यंत हलवाल का? चावी वॉचमनकडे दिली तरी चालेल.'

यात काय दिसलं, कुणाला अडचण आहे, नेमकं काय हवं आणि कधीपर्यंत, हे चारही आहे. गाडी त्यांची नसली तरी 'आमची नाही हो' एवढं म्हणून विषय संपतो. सदस्यांना 'नीट बोला' असं सांगून उपयोग नसतो, कारण प्रत्येकाला आपण नीटच बोललो असं वाटतं. त्याऐवजी त्यांचाच मेसेज असा पुन्हा लिहून खासगीत पाठवा आणि म्हणा, 'काका, हा टाका आणि आधीचा काढा.' टाकून पंधरा मिनिटं झाली नसतील तर मूळ मेसेज दुरुस्तही करता येतो. बहुतेक लोक ऐकतात, कारण चारचौघांत पडती बाजू घ्यावी लागत नाही.

टोमण्यांचे ठरलेले साचे ओळखून ठेवा. 'ज्याला लागू असेल त्याने घ्यावे.' 'नाव घेत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.' 'आम्ही काय बाबा, अडाणी माणसं.' एरवी 'तू' म्हणणाऱ्याने अचानक 'आपण महान आहात' म्हणणं. कुणी स्टेटसला लावलेला सुविचारसुद्धा कधी कधी कुणा एकावर नेम धरून असतो. यात एकही शिवी नाही, त्यामुळे 'शिवीगाळ नको' हा नियम इथे लंगडा पडतो. तुमचा नियम असा हवा: ग्रुपमधल्या माणसाबद्दल बोलायचं असेल तर नाव घेऊन, त्याला उद्देशून, एका विषयावर बोला, तेवढी तयारी नसेल तर लिहू नका.

थकबाकीची यादी ग्रुपवर टाकणं आम्हाला चुकीचं वाटतं. यादी टाकणाऱ्याला वाटतं, लाजेने पैसे भरतील. पण ज्याची नोकरी गेली आहे तो लाजेने भरू शकत नाही आणि ज्याला भरायचेच नाहीत त्याला लाज वाटत नाही. लेखी नोटीस, हप्ते बांधून देण्याची तयारी आणि शेवटी सहकार कायद्यानुसार निबंधकाकडे वसुलीचा अर्ज, ही वाट आहे आणि तिला ग्रुप लागत नाही. हीच गोष्ट पालकांच्या ग्रुपची. 'तुमच्या मुलाने माझ्या मुलीला ढकललं' हे वाक्य चाळीस पालकांसमोर आलं की आठ वर्षांच्या पोराचं नाव वर्षभर 'तो मारका' होऊन बसतं. मुलाचं नाव आलं की मेसेज हटवा आणि वर्गशिक्षकांशी बोलायला सांगा. इथे सवलत देऊ नका.

निधनाची बातमी टाकण्याची घाई हे आपल्याकडचं जुनं दुखणं. परदेशातल्या मुलीला बापाच्या जाण्याची बातमी भावकीच्या ग्रुपवरच्या 'भावपूर्ण श्रद्धांजली'तून कळू नये. घरातल्या एका माणसाचा 'आता टाका' असा होकार येईपर्यंत थांबा. मेसेजमध्ये नाव, अंत्ययात्रेची वेळ आणि ठिकाण पुरे. 'काय झालं होतं?' हा प्रश्न ग्रुपवर आला तर घरच्यांना उत्तर द्यायला लावू नका. आत्महत्या असेल तर पद्धत, चिठ्ठी, जागेचा फोटो, 'कर्जाला कंटाळून', 'नापास झाल्यामुळे' असं एकच कारण, काहीही नको. तपशील वाचून आधीच खचलेला दुसरा माणूस त्याच वाटेकडे ओढला जाऊ शकतो, म्हणून वृत्तपत्रांनाही हेच सांगितलं जातं. त्याच मेसेजखाली टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर टाका, तो चोवीस तास चालतो.

विनोदांबद्दल थोडं. बायकोवरचे, आडनावावरून जात काढणारे, रंगावरचे, तोतरेपणावरचे विनोद 'हलकं घ्या' म्हणून खपवले जातात. ग्रुपमधल्या बायका काही बोलत नाहीत म्हणून त्यांना ते चालतं, असं धरू नका. त्या बहुधा ग्रुप म्यूट करून बसलेल्या असतात. मग पाणी येणार नसल्याचा मेसेजही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. अ‍ॅडमिनमध्ये निदान एक बाई असावी हे आमचं ठाम मत आहे. तसंच एक अ‍ॅडमिन रात्री जागा असणारा आणि एक तुमच्या गटातटाबाहेरचा. 'राजकीय पोस्ट नको' हा नियम इतक्या ग्रुपवर फसतो, कारण अ‍ॅडमिनला स्वतःच्या पक्षाची पोस्ट राजकीय वाटतच नाही. पहिला मेसेज हटवायची वेळ येईल तेव्हा तो आपल्या मित्राचा असेल तर हटवाच. त्यानंतर नियम समजावत बसावं लागत नाही.

मात्र शब्दांची राखण म्हणजे तोंडं बंद करणं नव्हे, हे तितक्याच जोराने सांगायचं आहे. 'रस्त्याचं काम निकृष्ट झालं, सरपंचांनी बिल दाखवावं' हा मेसेज कडक आहे, पण त्यात वावगं काही नाही. तो 'वातावरण बिघडतं' म्हणून हटवलात तर तुम्ही लोकांची राखण सोडून सरपंचांची करत आहात. याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईतल्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं आणि दोघींना अटक झाली. तेव्हा लावलेलं, ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला शिक्षा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. टीका करणाऱ्याला 'पोलिसात देईन' म्हणणारा अ‍ॅडमिन आम्हाला टोमणे मारणाऱ्यापेक्षा जास्त खटकतो.

तुम्हालाही पोलिसांची भीती घातली जाते, म्हणून हेही नोंदवतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटलं आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अ‍ॅडमिनला केवळ तो अ‍ॅडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसला पाहिजे. म्हणजे घाबरून ग्रुप बंद करायची गरज नाही. पण स्वतः पुढे पाठवलेल्या मजकुराची जबाबदारी मात्र स्वतःची असते. 'फॉरवर्ड आलं होतं' हा बचाव तिथे कामाला येत नाही.

भांडण पेटलं तर ग्रुपवर मध्यस्थी करू नका. दोनशे माणसं बघत असताना कुणीही माघार घेत नाही. 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात' ही सोय चालू करा, पण कारण आणि वेळ सांगून: 'दोघांशी बोलतोय, उद्या सकाळी ९ ला ग्रुप पुन्हा खुला.' ठरलेल्या वेळी उघडा, नाहीतर लोक नवा ग्रुप काढतात आणि तिथे तुम्ही नसता. दोघांना वेगवेगळा फोन करा. कॉन्फरन्स कॉल नको, व्हॉइस मेसेज तर नकोच. चिडून बोललेली चाळीस सेकंदं पुढे वर्षभर ऐकवली जातात. 'का बोललास?' विचाराल तर समर्थन ऐकावं लागेल, 'काय झालं?' विचाराल तर हकीकत कळेल. नंतर जमलं तर दोघांना एकत्र चहाला बसवा. समोरासमोर माणूस 'अरे' म्हणाला तरी आवाजावरून माया कळते, लिहिलेल्या 'अरे'ला आवाज नसतो. निम्मी भांडणं इथूनच उगवतात, विशेषतः लहानाने मोठ्याला, सुनेने सासरच्या माणसाला किंवा भाडेकरूने मालकाला लिहिलेलं असेल तेव्हा.

माफी जिथे दुखावलं तिथेच मागायला हवी. ग्रुपवर बोललेलं खासगीत मिटवलं तर बाकीच्यांना अपमान तेवढा आठवतो. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर क्षमस्व' यात चूक ऐकणाऱ्याच्या गळ्यात पडते, म्हणून ते वाक्य नको. काय बोललो, ते चूक होतं, ते काढलं आहे, एवढ्या तीन गोष्टी पुरतात: 'काल मी कुलकर्णी काकूंच्या हिशोबाला घोटाळा म्हटलं. पावत्या पाहिल्या, हिशोब बरोबर आहे. माझा मेसेज काढला आहे. काकू, माफ करा.' 'पण' आला की माफी संपली. आणि माफी आल्यावर 'आता तुम्हीही सोडून द्या' असा धोशा समोरच्यामागे लावू नका. त्यांना वेळ लागेल तेवढा लागू द्या.

धमकी, कुणाचा पाठलाग, बाईचे फोटो बदलून टाकणं, जातीवरून अपमान, हे तुमच्या मध्यस्थीच्या पलीकडचं आहे. तिथे समेट घडवायला जाऊ नका. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, संपूर्ण चॅट एक्सपोर्ट करा, मूळ मेसेज ज्या मोबाइलवर आला तो मोबाइल रीसेट करू नका, आणि हे सगळं ज्याला त्रास झाला त्याच्या हाती द्या. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय ग्रुपवर चालू असेल तर हे सगळं तातडीने करा, कारण ती सोय नंतर बंद केली तरी आधी आलेला मेसेज ठरलेल्या मुदतीत, म्हणजे चोवीस तासांत, आठवड्यात किंवा नव्वद दिवसांत जातोच. तक्रार करायची की नाही, हे त्या व्यक्तीने ठरवायचं. 'गावाची बदनामी होईल' हे कारण पुढे करून तिला अडवू नका. तक्रार ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे, तिथे फोन करून वेळ घालवू नका.

हे सगळे नंबर ग्रुपच्या वर्णनात लिहून ठेवा: ठाणं, ११२, १०९८, १४४१६. पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त तीस दिवस टिकतो, वर्णन मात्र राहतं. त्याखाली तीन-चार नियम, मराठीत, एकेका ओळीचे, आणि सगळ्या अ‍ॅडमिनची नावं. या आठवड्यात एवढं झालं तरी चालेल, बाकीचं हळूहळू करा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
ग्रुपवरचं बोलणं जवळून पाहणारे आम्ही काही जण